जंगलात राहिलेले पासपोर्ट

विषय: रूळ उखडून केलेल्या पायवाटेवर दोन मूळ पासपोर्ट गहाळ होऊन सापडल्याबाबत.

तर मंडळी, मिशिगनमधली ही वाट जंगलातून, तळ्यांकाठून मैलोन्‌मैल जाते. पुण्याला परतायचं विमान परवावर आलेलं, तरी आमचा निखिल आम्हा दोघांना तिथे घेऊन गेला. पासपोर्टची पिशवी माझ्या खांद्याला.

"बाबा, ट्रेलवर ओरिजिनल कशाला? अस्वल चेक करणार आहे का?"

"मूळ प्रत जवळ असलेली बरी."

मैलभर गेल्यावर खांदा हलका लागला. मघाशी दम खायला टेकलो होतो, त्या तळ्याकाठच्या बाकावरच पिशवी राहिली होती. धावत परतलो, तर बाक रिकामा. मी गुडघे टेकून बाकाखालचं गवत चाचपू लागलो.

"अहो, खाली काय शोधताय? वर बघा!" ही ओरडली.

शेजारच्या खांबावर कुणीतरी पिशवी अडकवली होती, एका तान्ह्या बाळाच्या मोज्याशेजारी.

"इथे सापडलेली वस्तू अशीच टांगून ठेवतात," निखिल म्हणाला.

हुश्श करून मी बाकावर बसलो आणि पासपोर्ट उघडून दोन्ही फोटो पडताळले.

"मीच आहे ना?" हिने विचारलं आणि पिशवी काढून घेतली.

पुण्यात परतून महिना झाला. पासपोर्ट माझ्या ताब्यात परत मिळावेत, हा माझा अर्ज हिच्याकडे अद्याप प्रलंबित आहे.