बाबांना आता घरी राहू द्या

अध्यक्ष जज्जसाहेब लिटलपेज, पाद्री हॅन्सफर्ड, वरती बसलेली मोठी माणसं आणि समोरचे सगळे काका-मावश्या, तुम्हाला केझाया टॉलिव्हरचा नमस्कार. मला भाषण येत नाही. आई आजारी पडली आणि माझी शाळा सुटली. बाबा तेव्हा राजधानीत होते. आज आईनंच मला पुढे ढकललंय.

बाबा काँग्रेसमधून, राजधानीतल्या त्या कायदे करणाऱ्या सभेतून, सुटले म्हणून हा निरोप. त्यासाठीच तुम्ही हॅम कापलं, सफरचंदाचं सायडर उघडलं. आणि आत्ताच जज्जसाहेब बाबांना म्हणाले, "ॲम्ब्रोज, अजून एकदाच उभा राहा." तुम्ही टाळ्या वाजवल्या. बाबा हसले. ते हसणं कसलं, ते आम्हाला घरी माहीत आहे.

आपल्याकडे मत कसं देतात? उमेदवार कोर्टात बाकावर बसलेला. तुम्ही त्याच्या तोंडावर मोठ्यानं नाव सांगायचं, त्यानं उठून आभार मानायचे. मग शेजाऱ्यासमोर दुसऱ्याचं नाव कोण घेणार? पेटन काकांनी आमच्या चुलीशी बसून सांगितलं होतं, की त्यांच्या मनात गिरणीवाले क्रॉफर्ड होते, पण समोर ॲम्ब्रोज दिसला आणि जीभच वळेना. काका, मान खाली घालू नका, आम्ही रागावलो नाही.

मागच्या वेळी बाबा मुद्दाम कोर्टात गेले नाहीत. गोठ्यात बसून राहिले. मी नसलो तर लोक मोकळेपणानं बोलतील, असं त्यांना वाटलं. तुम्हाला वाटलं, बिचारा आजारी आहे. सगळ्यांनी त्यांचंच नाव घेतलं, वर सूप घेऊन दारात आलात. आई म्हणाली, "उठा आता, आभार माना."

टपालगाडीचा रस्ता त्यांनी इथवर आणला, खरं आहे. पण त्यांना जायचं होतं का, हे कुणी विचारलं? ते घरी इतके कमी असतात, की माझा धाकटा भाऊ त्यांना अजून 'सर' म्हणतो. परवा घोड्याला खरारा करताना मी विचारलं, बाबा, सरळ 'नाही' असं का सांगत नाही? म्हणाले, "केझी, नाही म्हटलं तर त्यांना वाटेल, मी त्यांना परकं समजतो."

तुम्ही परके नाही. तरी उत्तर 'नाही' असंच आहे. त्यांना जमत नाही, म्हणून मी सांगते.

एवढा मान दिलात, पोटभर जेवू घातलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलण्यात उद्धटपणा झाला असेल, तर घरची पोर समजून पोटात घाला.

बाबा, तुम्ही उठू नका. आभार मी मानलेत.