साहेबांना दुखलं पाहिजे

नाही हो, खुर्ची नको! ठेवा ती बाजूला, उभाच बरा आहे मी, आणि असं दयेने बघू नका, गुडघे धड आहेत माझे, फक्त नशीब तेवढं धड नाहीये... कुत्रा चावलाय मला! हा बघा, हा अंगठा. चार भोकं. आणि बघा, तुम्ही लगेच ‘च् च्’ केलंत, तुम्ही परकी माणसं, ओळख ना पाळख, तुम्ही च् च् केलंत, आणि माझ्या घरी काय झालं? सासूबाईंनी मान वर केली, अंगठ्याकडे बघितलं, म्हणाल्या, “बरं.” आणि परत वाटाणे सोलायला लागल्या! बरं? हे काय बरं म्हणायचं प्रकरण आहे?

तर चावणारे म्हणजे साहेब. साहेब म्हणजे आमचा कुत्रा. आमचा म्हणजे सासूबाईंचा. त्या नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला आल्या, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात हा. तुम्ही बघितली असेल ती जात, दोन कुत्र्यांची लांबी आणि अर्ध्या कुत्र्याची उंची. घरात सगळे साहेबच म्हणतात. साहेब उठले. साहेब जेवले. साहेबांना गार लागतंय, पंखा बंद करा. आणि मी? मी ‘तुझे हे’. “तुझे हे आले वाटतं, चपलांचा आवाज आला.” साहेबांना हुद्दा आहे, मी नुसता ‘हे’! नऊ वर्षांत साहेब अकरा वेळा चावले. मला. फक्त मला. पोस्टमनला नाही, चोराला नाही, चोराला तर बिचाऱ्याने बॅटरी धरली असती.

आता खुर्ची. खिडकीजवळची, हातांची, जाड गादीची. मी पाणीखात्यात होतो, पस्तीस वर्षं या शहराला पाणी सोडलं मी, व्हॉल्व फिरवून फिरवून खांदे गेले, म्हणून निवृत्त होताना खात्यातल्या लोकांनी प्रेमाने दिलेली खुर्ची. किती दिवस बसलो असेन? चार! पाचव्या दिवशी साहेबांना ती आवडली.

मग तो शुक्रवार उजाडला. सकाळची वेळ, साहेब खुर्चीत, मी पेपर घेऊन उभा. म्हटलं, “साहेब, जरा उठता का?” एक डोळा उघडला, ओठ वर केला, दात दाखवले, डोळा मिटला. झाली सुनावणी! आणि मी... आता हे तुम्हालाच सांगतो, घरी सांगितलेलं नाही, तुम्हीही बोलू नका... मी खुर्ची कलती केली. जराशी! ताटातलं पाणी निथळायला ताट कलतं करतो ना आपण, तेवढीच. साहेब घसरले, हवेत वळले, पडले, आणि उठले. म्हणजे पुढचे दोन पाय उठले. मागचे दोन तिथेच.

मी हसलो हो! खोटं कशाला बोलू, मला वाटलं नाटक करतोय, याला नाटकं काय कमी येतात? पण ते पुढच्या पायांवर निघाले आणि मागचं अर्धं अंग मागून नुसतं फरफटत आलं, आणि साहेबांनी वळून त्याच्याकडे असं बघितलं, की हे कोणाचं? स्वयंपाकघरातून आवाज आला, “काय केलंत?” म्हटलं, “काही नाही! उडी मारली त्यांनी!”

गेलो मग सगळे. कुत्र्यामांजरांच्या मेंदूची डॉक्टर असते, माहीत होतं तुम्हाला? मला नव्हतं. मला वाटायचं मांजराला मेंदू असला तरी तो आजारी कशाला पडेल, करतंय काय ते दिवसभर? पण बाहेरच्या बाकावर ही गर्दी! एक मांजर मान तिरकी करून गोल फिरतंय, डावीकडेच, आणि त्याची मालकीण त्याच्याकडे बघून बघून स्वतः तिरकी झालेली. डॉक्टरीणबाई एवढीशी, आवाज मऊ लोण्यासारखा, आणि हातावर कोपरापर्यंत चावल्याचे वण. तिने साहेबांच्या डोळ्यांत उजेड टाकला, पुढचा पंजा उलटा करून ठेवला, साहेबांनी तो झटकन सुलटा केला. मागचा पंजा उलटा ठेवला. तो उलटाच राहिला. आणि मग तिने काढला चिमटा. लोखंडी, लांब नाकाचा! मागच्या पायाचं बोट धरलं आणि कचकचून दाबलं, आणि साहेबांनी पाय ओढला! ओढला! बायकोने टाळ्या वाजवल्या, सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी...

“टाळ्या नको,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पाय कण्याने ओढला, परस्पर. वर कळवलंच नाही.”

मला बरोबर समजलं! पस्तीस वर्षं खात्यात काढलीयत, खालच्या माणसाने परस्पर कारभार उरकायचा आणि वरच्याला पत्ता नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

“पाठीतली गादी सरकलीय, मज्जारज्जू दाबला गेलाय. निरोप डोक्यापर्यंत पोचला पाहिजे. दुखलं पाहिजे, काका. दुखलं, म्हणजे त्याने वळून बघितलं पाहिजे, केकाटलं पाहिजे, चावलं पाहिजे.”

चावलं पाहिजे म्हटल्यावर सगळे माझ्याकडेच बघायला लागले.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. छान झालं म्हणे. पण पुढे? “दोनतीन आठवड्यांत दुखायला लागलं तर चालेल तो. नाहीच लागलं, तर चाकांची गाडी असते, मागच्या पायांना बांधायची, कितीतरी कुत्री मजेत...” सासूबाईंनी हात वर केला. “माझे साहेब गाड्याला जुंपले जाणार नाहीत. तीन आठवडे. दुखलं तर ठीक, नाहीतर इंजेक्शन द्या आणि मोकळं करा त्यांना.” सासूबाई बोलल्या की बोलल्या! सासरेबुवा आजारी होते, त्यांना दोनच आठवडे दिले होते. आणि सासरेबुवांनी ते पाळले हो, एक दिवस इकडेतिकडे नाही.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, चिमटा घरी काढायचा नाही, ते माझं काम. ऐकतंय कोण? घरी पोचायचा अवकाश, बायकोने केसांचा चाप आणला, शेजारच्यांनी पक्कड दिली! आणि सासूबाई म्हणाल्या, “माझ्याने नाही व्हायचं. जावईबापू, तुम्ही काढा.” नऊ वर्षांत पहिल्यांदा जावईबापू! मी विरघळलो हो. म्हटलं, “मीच का?” तर म्हणाल्या, “तुम्हाला जीव लावायची सवय नाही ना, म्हणून.”

मग रोज सकाळी तेच. सासूबाई तोंडाकडे, मी शेपटीकडे, बायको मध्ये. “काढा. दुखलं का? नाही. अजून जोरात! अहो, नीट धरा की, दुखलं पाहिजे!” भिंतीपलीकडे शेजारी. “पिरगाळा जरा! दुखलं पाहिजे!” पक्कड त्यांचीच, पण त्यांनाही वाटलं असणार की एवढं? त्या घरातली मुलं मला बघितलं की जिन्यात भिंतीला चिकटून उभी राहायची. आणि साहेब? पाय ओढायचे आणि समोर बघत बसायचे. परस्पर!

आणि दुसरं काम तर खास माझंच. कुत्र्याची मागची बाजू गेली की लघवी आपोआप होत नाही, पोटाखाली दोन्ही हात घालून अलगद दाबायची असते, दिवसातून चारदा, वेळेवर. बायको म्हणाली, “तुम्हाला पाणी सोडायचा अनुभव आहे.” पस्तीस वर्षं शहराला सोडलं, आता साहेबांना! सहा, बारा, पाच, दहा. खात्यात असतानाही मी इतकी वेळ पाळली नाही.

आणि इथेच माझा घात झाला. साहेबांना मी आवडायला लागलो.

हो! अकरा वेळा चावलेला कुत्रा! सहा वाजता मी दिसलो की शेपूट हलवायला जायचा, ती हलायची नाही, मग कान हलवायचा. दाबून झालं की हात चाटायचा. हाच हात! ज्याने खुर्ची कलती केली तोच हात, सकाळी पक्कड लावतो तोच हात! मला सहन होईना हो. अरे, गुरगुर, फाड, काहीतरी कर... घरात नऊ वर्षांत कोणी असा जीव लावला नव्हता मला, आणि लावला कोणी, तर ज्याचा मी जीव घेत होतो त्याने. आणि तो तीन आठवड्यांचा जीव. शुक्रवारी संपणार.

गुरुवारी दुपारी दोघी बाजारात गेल्या. कशाला? नवी चादर आणायला. साहेबांना शेवटचं गुंडाळायला! सासूबाईंचं सगळं आधीपासून तयार असतं. घरात मी आणि ते. मी पक्कड लावली. दाबली. पाय ओढला, समोर बघितलं. अजून दाबली. काही नाही. म्हटलं ठीक आहे, पायाचं राहू दे, नुसते चावा! पुढचं तोंड तर शाबूत आहे ना? एक चावा दाखवला की झालं, कशामुळे चावले कोण विचारतंय! मी त्यांच्यासमोर खुर्चीत बसलो, मुद्दाम ढुंगण घासून बसलो. कान हलले. त्यांचं बिस्कीट त्यांच्यासमोर खाल्लं, काय घाण चव असते त्याची! कान हलले. म्हटलं, लांबट, बुटक्या, ऐतखाऊ, सासूच्या लाडक्या! आणि मग खाली बसून कानात खरं ते सांगितलं. म्हटलं, मी पाडलं तुम्हाला. मी. चावा आता.

गाल चाटला माझा.

आणि बाहेर कुलपात किल्ली फिरली. आता सांगा, काय करायला हवं होतं मी? काय करणार माणूस? मी माझा स्वतःचा हात तोंडात घातला, अंगठ्याखालचा हा मांसल भाग, डोळे मिटले आणि कचकन... चावलो. मी. मला! आणि असा ओरडलो की शेजारची मुलं रडायला लागली. “चावले! साहेब चावले! पायाला चिमटा काढला आणि वळून चावले!”

काय तो आनंद! सासूबाईंनी चादर भिरकावून दिली. बायकोने त्यांना मिठी मारली, त्यांनी साहेबांना मिठी मारली, माझ्या हातातून रक्त ठिबकतंय आणि सासूबाई म्हणतायत, “दाखवा दाखवा... किती छान चावलेत!” आणि लगेच हुकूम सुटला, आता यापुढे कोणी चिमटा काढायचा नाही, त्यांना दुखतं!

शुक्रवारी डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. “हात बघू, काका.” पट्टी सोडली. बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. माझ्या पुढच्या दोन दातांत ही फट आहे, दिसते ना मागेपर्यंत? “कुत्र्याचा सुळा भोक पाडतो, काका,” तोच लोण्याचा आवाज. “ही फटीसकट बत्तिशी आहे.” तिने साहेबांकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, आणि मोठ्याने म्हणाली, “चावलाय म्हणता, तर अजून सहा आठवडे थांबू. आणि काकांना पिसाळल्याची इंजेक्शनं द्या. पाचही. हयगय नको.”

पाच! स्वतःच्या चाव्याला! दवाखान्यातली नर्स म्हणाली, “आधीच्या कोर्सचा कागद?” आधीचे कागद साहेबांनीच खाल्लेले. “कागद नाही? मग पाच.” दर वेळेला बायको बाहेर बसायची, मी पळू नये म्हणून, आणि दर वेळेला नर्स सुई घालून विचारायची, “दुखलं का?” दुखलं पाहिजे, बाई. दुखलंच पाहिजे.

आणि पाचवं झालं त्याच्या पुढच्या सोमवारी, सकाळी पेपर घ्यायला जाताना माझा पाय पडला साहेबांच्या मागच्या पंजावर. चुकून, आईशप्पथ! केकाटले, गर्रकन वळले, मला वाटलं चाटतायत म्हणून मी हात पुढे केला... आणि फाडला. हा अंगठा. चार भोकं! निरोप पोचला हो, वरपर्यंत पोचला! मी रडतोय, नाचतोय, रक्त उडतंय, “सासूबाई, चावले! खरंच चावले! दुखलं त्यांना!”

“बरं,” म्हणाल्या. “त्यात नवीन काय? मागे चावलेतच की.”

गेलो धावत नर्सकडे. निदान तिने तरी टोचावं! तिने कागद बघितला. “नुकताच कोर्स झालाय तुमचा. या चाव्याला काही लागत नाही. साबणाने धुवा आणि घरी जा.”

डॉक्टरीणबाईंनी मात्र अंगठा उजेडात धरून नीट बघितला, चारही भोकं मोजली, हसल्या. म्हणाल्या, “हा खरा.” तेवढंच.

आता साहेब चालतात. मागून झिंगतात जरा, पण चालतात. कान माझ्यासाठी हलत नाहीत आता, मी दिसलो की ओठ वर. पाणी स्वतःचं स्वतः सोडतात, माझ्याच चपलेवर. आणि पाठीला उडीचा त्रास नको म्हणून सासूबाईंनी फळी करून घेतलीय, अशी तिरकी, मऊ कापड लावलेली, जमिनीपासून थेट खुर्चीपर्यंत... माझ्याच हातून ठोकून घेतली.

म्हणून म्हटलं, उभाच बरा आहे मी.