साखरेच्या कार्डाचा चोर

...आणि वर रेशन कचेरीवाले मलाच म्हणतात, "चोराचं नाव लिहा!" अहो, कार्ड गेलं आमचं, त्यावर साखर उचलली भलत्यानंच, आणि फॉर्मात रकाना काय, तर चोराचं नाव! रिकामा सोडला तर फॉर्म परत! तुम्हाला सांगतो, हे चोराला ठाऊक असतं ना, तर त्यानं चोरी करताना चिठ्ठी ठेवली असती...

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी मानाजी, कैक पिढ्या मद्रासला राहिलेल्या मराठी घरातला. आठव्या वर्षी मामांनी मद्रासहून पुण्याला नेलं, तिथंच शिकलो, इंजिनिअर झालो, आणि तीन महिन्यांपूर्वी ठरवून परत आलो. मित्र म्हणाले, "अरे, तिकडे काय ठेवलंय?" म्हटलं, गिंडीला नवे कारखाने उभे राहतायत, लेथवर उभा राहीन, हात काळे करीन! देश घडवायचाय ना!

राहतो ट्रिप्लिकेनला, सकवारबाई काकीकडे. काका, राणोजीराव, गेल्या वर्षी गेले. माझी परीक्षा चालली होती, तार हातात पडली तेव्हा इकडे दहावासुद्धा... जाऊ द्या.

तर एके दिवशी तांदळाच्या डब्यामागे रेशनकार्ड सापडलं. उघडतो तर काय, माणसं दोन: राणोजीराव आणि सकवारबाई! वर्ष झालं माणूस जाऊन, आणि त्याच्या नावावर दर आठवड्याला साखर चालू! मी काय गप्प बसतो? पाऊण तास भाषण दिलं, उभ्यानं! साखरेचा तुटवडा, चमच्याचमच्यानं पोखरला जाणारा देश, सगळं आलं त्यात. "काकी, शनिवारी मी स्वतः जाऊन काकांचं नाव कमी करून आणतो! देश घडवायचाय ना!" आणि काकी? टंबलरातून खालच्या वाटीत, डबऱ्यात, डबऱ्यातून टंबलरात कापी, म्हणजे कॉफी, वरखाली करतेय. म्हणाली, "आमा कण्णा, होय की बाळा. आधी पी. निवेल."

शनिवारी कार्ड गायब!

"चोरीस गेलें वाटतें," काकी म्हणाली. इतक्या शांतपणे, जणू शेजारचं मांजर येऊन गेलं असावं.

मी म्हटलं, घाबरू नकोस! अशा वेळी काय करायचं, ते शिकलेल्या माणसाला ठाऊक असतं. आधी दुकानदाराला सांगायचं, मग पोलिसांत जायचं, मग रेशन कचेरी. काकी आपली मागून, "जाऊ दे की रे, देव बघेल." अहो, देव बघेल तर रेशन कचेरी कशाला काढली?

गेलो दुकानात. दुकानदार नारायणस्वामीनं वही उलटली, बोट थुंकीनं ओलं केलं, पुन्हा उलटली. "ह्या कार्डावर साखर काल गेली, सार."

"काल? कुणी नेली?"

"मी तोंड बघत नाही, सार. कार्ड बघतो."

म्हणजे चोरलं ते चोरलं, वर वापरलं! मी तसाच पोलीस चौकीत. आता माझी अडचण समजून घ्या. मी मद्रास सोडलं आठव्या वर्षी, त्यामुळे माझं तमिळ राहिलं आठ वर्षांचंच! मनात तक्रार कशी, कडक, वकिली! आणि तोंडातून तमिळमध्ये बाहेर काय पडतं, तर "मामा, मामा, आमचं कार्ड कुणीतरी घेतलं!" हवालदार कृष्णस्वामी, या एवढ्या मिशा, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, पण तक्रार लिहून घेतली. "रडू नको हं तंबी. जेवलास का?" तंबी, म्हणजे धाकट्या!

म्हटलं ठीक आहे. चोर मीच पकडतो! पुढच्या शुक्रवारी रजा टाकली आणि दुकानातल्या पोत्यांच्या थप्पीमागे दबा धरून बसलो. शिंक येत होती, दाबली... देश घडवायचाय ना! रांग पुढे सरकते, एक बाई, दुसरी बाई, आणि तिसरीनं कमरेची पिशवी सोडून कार्ड पुढे केलं. "पुडी घट्ट बांध रे नारायणस्वामी, गेल्या वेळीं वाटेंत सांडली."

हा आवाज... माझी काकी!

बाहेर आलो तो अंगभर पोत्यांची धूळ. काकीनं पाहिलं, आणि काय म्हणाली असेल? "कामावर गेला नाहींस?" मलाच! जणू चोर मीच!

"काकी, कार्ड तू लपवलंस?"

"मग काय करूं? तू नांव काढणार म्हणालास." पुडी पिशवीत ठेवली तिनं, नीट. "ऑफिसांतलें नांव काढलें. पेन्शनीचे कागद माझ्या नांवाचे झाले. दारावरची पाटी घरमालकानें उतरवली, रंग द्यायचा म्हणून, परत लावलीच नाहीं. ह्या एका कागदावर ते अजून माझ्याजवळ बसलेत. नारायणस्वामी दर शुक्रवारीं हांक मारतो, 'राणोजीराव, दोन माणसं!' तेवढें ऐकायला येतें मी. साखरेला कोण येतें?"

तिच्या हातातली पिशवी मी घेतली.

"आणि काय रे," काकी म्हणाली, "मी कापींत साखर घालत नाहीं, माझ्या वाट्याची देवाच्या नैवेद्याला जाते, ठाऊक आहे ना? मग तीन महिने तुझ्या टंबलरांत कुणाची पडतेय?"

अहो, माझं नाव कार्डावर नव्हतंच! काकांच्या वाट्याची साखर मी पीत होतो, दोन-दोन चमचे, आणि वर तोच पेला समोर असताना भाषण देत होतो! ज्यांना शेवटचं पाहायलाही आलो नाही, त्यांची!

म्हणून सोमवारी रेशन कचेरीत गेलो, चौकीतली तक्रार मिटवायला आणि सगळं सरळ करायला. तिथल्या गुरुमूर्ती साहेबांनी फॉर्म सरकवला. "चोराचं नाव लिहा." आता खोटं लिहायचं नाही, आणि काकीचं तर... छे! मी लिहिलं, "मानाजी."

साहेबांनी चष्मा काढला. "तुमचं कार्ड तुम्हीच चोरलं?"

"कार्ड नाही, सार. साखर." आणि आठ वर्षांच्या तमिळमध्ये सगळं सांगितलं. त्या वयाच्या भाषेत, बघा, लपवायला शब्दच नसतात.

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग नवं कार्ड घेतलं, सावकाश, वळणदार लिहिलं: "सकवारबाई, राणोजीरावांच्या पत्नी. मानाजी, राणोजीरावांचे पुतणे." म्हणाले, "माणसं दोनच. नियमाला धरून आहे."

घरी काकीनं कार्डावरून बोट फिरवलं. एकदा. दोनदा. "पूर्वीं एकदांच होते," म्हणाली, "आतां दोनदां आले की रे!"

संपलं असं वाटलं ना तुम्हाला? मलाही वाटलं! पण त्या फॉर्माची एक प्रत जाते पोलीस चौकीला. गुरुवारी दारात कृष्णस्वामी! चोरानं स्वतः नाव लिहून दिलंय म्हटल्यावर बिचारा काय करणार? आता सहा महिने, दर शनिवारी, चौकीत सही! मी जातो, तो म्हणतो, "आलास तंबी? जेवलास का?" आणि काकी माझ्याबरोबर त्याच्यासाठी डबऱ्यातून कापी पाठवते, चार चमचे साखरेची... माझ्या वाट्यातली! मी बिनसाखरेची पितो. करणार काय? देश घडवायचाय ना!