जांभईचं मत

मंचरच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी निरगुडसरकडचे भगवंतराव आणि चिमाबाई हे नवरा-बायको बसले होते. लकव्यानंतर भगवंतरावांचा उजवा हात छातीशी आखडला होता, मूठ घट्ट मिटलेली. आपल्या मुलीचे आखडलेले पाय दाखवायला आलेल्या चेतनाबाईंनी विचारलं,

"मावशी, काकांचा हात अजिबात हलत नाही का?"

"हलतो की. जांभई आली की आपोआप वर जातो. डॉक्टर म्हनले, काही जणांना व्हतं असं."

"अगं बाई!"

"ग्रामसभेला जाऊ नका म्हनलं, तरी गेले. तिथं ह्यांच्या चुलतभावाचा ठराव आला, पान्याची टाकी त्याच्या दारापुढं बांधायचा. आन् नेमकी ह्यांना जांभई आली."

"मत धरलं?"

"धरलं! एका मतानं टाकी मंजूर."

"मी त्याच्याशी बोलतसुदिक न्हाई," भगवंतराव गुरगुरले.

"बोलत नव्हते, ताई. दुसऱ्या दिशी तो पेढे घिऊन आला. ह्यांच्या गळ्यात पडून रडला. आता रोज सकाळी येतो, ह्यांची बोटं सरळ करतो, मनगटाला पट्टी बांधतो."

"मग जांभईचं सांगितलं का त्यांना?"

चिमाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"तेवढं न्हाई सांगितलं," भगवंतराव म्हणाले. "लई हळू उघडतो तो बोटं. हिच्यासारखा ओढत न्हाई."