तोंड फळ्याकडे

दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या आजोबांनी पुस्तक उघडलं होतं, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथे विद्यापीठात नुकतीच शिकवू लागलेली तरुणी आणि काल तिच्या वर्गात मागे बसून तास बघून आलेल्या ज्येष्ठ बाई बोलत होत्या.

"बाई, खरं सांगा. मला नाही ना जमत? सोडून देऊ नोकरी?"

"जमतं की. फळ्याला तर फारच छान शिकवतेस."

"म्हणजे?"

"लिहिता लिहिता बोलतेस, तेव्हा तोंड फळ्याकडे. पुढच्या बाकावरच्या मुलीला कमी ऐकू येतं. तासानंतर तिनेच सांगितलं मला. ती ओठ बघून समजून घेते. तुझ्या वेणीकडे बघून काय समजणार?"

"अगं बाई! आणि मी तिलाच सगळ्यांदेखत म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं?"

"आता लिही, थांब, वळ, मग बोल."

"मध्येच गप्प झाले तर वर्ग हसेल."

"हसू दे. तेवढ्यात सगळ्यांचं उतरवून होईल."

"आजोबा, तुमचा नंबर!" आतून हाक आली.

"त्या दाराजवळच्यांना जाऊ द्या आधी. माझी दाढ थांबेल."

"बाई, तिची माफी मागू?"

"माग की. सगळ्यांदेखत."

"उद्या याल पुन्हा?"

"येईन. पण मागे नाही, तिच्याशेजारी बसेन."