कडी बाहेरून होती

पुरवणी जबाब

मी, गल्लीत सगळे जिला 'बाइंडरताई' म्हणतात ती, वय ६१ वर्षे, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दुकानाच्या मागच्या खोलीत, आज सकाळी अकरा वाजता कोणी न बोलावता पोलीस ठाण्यात येऊन समक्ष सांगते की,

दुकानात माझ्याबरोबर माझा धाकटा भाऊ, वय ५२, काम करतो. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. पुढे त्याला मीच वाढवला. मला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. कानाचे यंत्र लावले की समोरच्याचे बोलणे कळते.

गेल्या मंगळवारी दुकानाला आग लागली. मागच्या खोलीचे दार फुगल्यामुळे अडकले, असे मी इस्पितळातल्या जबाबात सांगितले होते. ते खोटे आहे. कडी बाहेरून होती. शेजारच्या गॅरेजवाल्याने ती काढून मला बाहेर ओढले. इस्पितळात त्याने हे मला सांगितले, तेव्हा मीच त्याला म्हणाले, "तोंडातून ब्र काढू नकोस."

त्या दिवशी एक वाजता आम्ही दोघे जेवलो. जेवणानंतर यंत्र काढून मी तासभर झोपते, हे भावाला माहीत आहे. त्याने विचारले, "ताई, पडणार ना जरा?" मी म्हणाले, "वह्या शिवायच्या राहिल्यात." तर म्हणाला, "वह्या काय पळून जातात? मी आहे ना." यंत्र त्याने माझ्या हातातून घेऊन डबीत ठेवले. पांघरूण घातले. मला तेव्हा बरे वाटले होते.

जाग आली ती धुराने. किती वाजले होते ते सांगता येणार नाही. मी दार ढकलले, भावाला हाका मारल्या. किती मोठ्याने मारल्या ते मला ऐकू येत नव्हते. दोन्ही तळहात भाजले आहेत.

वाद होता का, असे विचारल्यावरून सांगते की, दुकानाची जागा सोडावी असे त्याचे म्हणणे होते. मी म्हणाले होते, "मी मेल्यावर काय ते कर." रागाच्या भरात म्हणाले होते.

काल भाऊ इस्पितळात आला. म्हणाला, "मी साहेबांना सांगितलंय, खळ शिजवायची शेगडी तूच चालू ठेवलीस. हल्ली तू विसरतेस, ताई. तुझ्यासाठी एका आश्रमात बोलून ठेवलंय." शेगडी मी जेवणाआधी विझवली होती. मी एवढेच विचारले, "आणि कडी?" तो म्हणाला, "कसली कडी? तुला ऐकू येत नाही, तुला काय कळणार?"

गॅरेजवाला सांगतो की आगीच्या दोन दिवस आधी भावाने दुकानातले कागद कापायचे यंत्र पुसायला म्हणून त्याच्याकडून डबाभर पेट्रोल नेले. ते यंत्र आम्ही तेलाने पुसतो.

साहेबांनी मला समजावून सांगितले की, नुसती आग लावली तर एक कलम. आत माणूस आहे हे ठाऊक असून लावली तर जीवे मारण्याच्या प्रयत्नाचे, आणि शिक्षा कितीतरी वाढते. आधीपासून केलेली तयारी आणि आतल्या बाईचे बहिरेपण, हेही कोर्ट विचारात घेते. "तुम्ही आत आहात हे त्याला माहीत होतं?" असे त्यांनी दोनदा विचारले. माहीत होते.

त्याच्या बाजूने काही लिहायचे आहे का, असे विचारल्यावर मी सांगितले, की वीस वर्षे माझी औषधे, डॉक्टर, यंत्राचे सेल, सगळे तोच बघतो. साहेबांनी पेन थांबवले. म्हणाले, "बाई, हे त्याच्याविरुद्धच जाईल. विश्वासातल्या माणसानं केलं, असं होतं मग. लिहू का?" मी पाणी मागितले. पाणी प्यायले. नंतर लिहा म्हणाले.

मला ऐकू येत नसल्याने हा जबाब मी स्वतः डोळ्यांखालून घातला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे. 'भाऊ' काढून सगळीकडे 'आरोपी' घालू का, असे साहेबांनी विचारले. मी नको म्हणाले. भाऊ आहे, म्हणूनच तर शिक्षा वाढायची आहे.