गांडुळाचा वास

विनिपेगमधल्या जनावरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. वर्नाच्या मांडीवरच्या डब्यात तिच्या वारलेल्या नवऱ्याने पाळलेला गार्टर साप होता.

"गांडुळांशिवाय कशालाच तोंड लावत नाही गं, हालिना. जमीन गोठली, आता गांडुळं आणू कुठून?"

"उंदराच्या तुकड्याला गांडूळ चोळ. वासाला फसेल."

"मग?"

"दर वेळी थोडं कमी चोळायचं. महिन्याभरात नुसता उंदीर खाईल."

"हट्टी आहे गं. अगदी ओरेस्टसारखा."

"आणि तू? ओरेस्ट गेल्यापासून काय खातेस?"

"टोस्ट."

"तिन्ही वेळा?"

"दुसरं घशाखाली उतरतच नाही."

"संध्याकाळी बिटाचं सूप आणते. टोस्टची नुसती कड बुडव."

"मलाही फसवतेस होय?"

"उद्या अर्धा बुडवायचा."